ज्याला दिसलं त्यानं बांधायचा

सर कुणालाच "कसे आहात" असं विचारत नसत. विचारत, "श्वास कसा आहे?" प्राचार्यांनाही तेच आणि कँटीनच्या मावशींनाही तेच. पहिल्या वर्षाला असताना हा प्रश्न पहिल्यांदा माझ्या वाट्याला आला, तेव्हा मी खरंच एक श्वास घेऊन पाहिला आणि म्हणाले, "बरा आहे सर." मागच्या बाकावरची मुलं हसली. सर हसले नाहीत. "बघा, यांनी तपासून उत्तर दिलं," ते म्हणाले. "तुम्ही न तपासताच देता."

आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. वडील तुंगार्लीत एका बंगल्याचे माळी, आई लोणावळ्याच्या बाजारामागे एका चिक्कीच्या कारखान्यात दाणे निवडायला. बंगल्याच्या मागच्या दोन खोल्यांत आम्ही राहतो. कॉलेजात कुणाशी किती बोलावं याचा मला अंदाज नव्हता, म्हणून मी बोलतच नसे. त्यात सर सगळ्या विद्यार्थ्यांना अहो-जाहो करत. माझ्या वयाच्या मुलीला कुणी "अहो" म्हटलेलं मी तोवर ऐकलं नव्हतं. एकदा एका मुलानं याचं कारण विचारलं, तर म्हणाले, "तुम्ही पुढे कोण व्हाल काय सांगावं? नंतर जीभ वळवण्यापेक्षा आधीच मान देऊन ठेवलेला बरा."

ते तळेगावहून रोज लोकलने येत. लग्न केलेलं नव्हतं; मोठ्या बहिणीकडे राहत. अंगात जूनपासून मार्चपर्यंत एकच करडा स्वेटर. खूप वर्षांपूर्वी पुण्यात कुठल्याशा प्रयोगशाळेत उंदरांच्या हृदयाच्या पेशींवर काम करत होते, एवढं आम्हाला माहीत होतं. ते काम का सोडलं असं विचारलं की सांगत, "उंदीर संपले."

हृदयाची पेशी हा मात्र त्यांचा जीव की प्राण. अभ्यासक्रमात तो भाग दीड पानाचा होता. सर त्यावर तीन आठवडे घेत. पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या ज्या तंतुकणिका असतात, मायटोकॉन्ड्रिया, त्यांना उत्तरपत्रिकेत "पेशीचे वीजघर" लिहिलं की सर अर्धा गुण कापत. "हे दहावीला झालं," ते म्हणत. "आपल्या तळ्यांचं पाणी घाटाखाली जाऊन त्याची वीज होते, हे लोणावळ्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. वीजघर बिघडलं तर काय होतं, ते लिहा."

काय होतं, ते त्यांनी आम्हाला असं सांगितलं होतं. कातडीची पेशी म्हणजे बदलीची नोकरी. जुनी जाते, नवी येते. हृदयाची पेशी कायमस्वरूपी. जन्मभर बहुतेक तीच, आणि तिला सुट्टी नाही. म्हणून तिच्यात तंतुकणिका ठासून भरलेल्या. त्यातली एखादी बिघडली की ऊर्जा देत नाहीच, वर घातक कचरा बाहेर टाकते आणि शेजारच्या चांगल्यांनाही नासवते. पेशी मग काय करते? बिघडलेला तुकडा तोडून वेगळा काढते, त्यावर खूण करते, आणि खूण केलेला गिळून, पचवून, त्यातलं कामाचं परत वापरते. हे ज्या हृदयात नीट चालतं ते टिकतं. ज्यात मंदावतं ते हळूहळू थकतं. "झटका येतो तो लोकांना दिसतो," सर म्हणत. "हे थकणं दिसत नाही. म्हणून जास्त वाईट."

खूण कशी होते, हे सांगताना ते नेहमीपेक्षा सावकाश बोलत. एक प्रथिन असतं. चांगली तंतुकणिका ते आत ओढून घेते आणि संपवते. बिघडलेलीत ओढायची ताकद उरत नाही, मग ते दारातच साठत जातं. हे ऐकताना माझ्या तोंडून निघून गेलं, "बंद बंगल्यासारखं."

सगळा वर्ग वळला. मला वाटलं आता जमीन दुभंगली तर बरं.

"पुढे बोला," सर म्हणाले.

"म्हणजे सर, तुंगार्लीत... मालक येईनासे झाले की फाटकात पानं साठतात, बिलांची पाकिटं साठतात. माझे वडील लांबूनच सांगतात, या घरात कुणी नाही म्हणून."

सरांनी फळ्यावर काढलेली भली मोठी आकृती पुसली आणि तिथे एक फाटक काढलं. ते फाटक आठवडाभर फळ्यावर राहिलं.

सरांचं हे वेड फळ्यापुरतं नव्हतं. दुसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या प्रयोगशाळेत दाराशी खिळ्याला लाल लोकरीचा गुंडा टांगलेला असे. कुठलीही वस्तू बिघडलेली दिसली की तिला लाल धागा बांधायचा आणि शेजारच्या "बिघाड वही"त लिहायचं: वस्तू, बिघाड, बांधणाऱ्याचं नाव. आठ दिवसांत दुरुस्त झाली तर ज्यानं बांधला त्यानंच धागा सोडायचा. नाही झाली तर वस्तू मोडीत, पण त्याआधी तिचा आरसा, स्क्रू, भिंग, जे कामाचं असेल ते काढून दुसऱ्या वस्तूला लावायचं. आणि एक नियम ते बजावून सांगत: "ज्याची वस्तू त्यानं बांधायचा नाही. रोज वापरणाऱ्याला बिघाडाची सवय होते. तो जुळवून घेतो. ज्याला दिसलं त्यानं बांधायचा." त्यांची स्वतःची गाठ दुहेरी असे, टोकं कात्रीनं बारीक कापलेली. कितीही ओढली तरी न सुटणारी.

एकदा तपासणी समिती आली होती. लाल धागे बांधलेले सूक्ष्मदर्शक, काटे, एक स्टूल, एक पंखा असं सगळं बघून समितीतल्या एका बाई थबकल्या. चपला त्यांनी दारात काढल्याच होत्या. त्यांनी एका सूक्ष्मदर्शकाला नमस्कारच केला.

"नवसाचे आहेत का हो?" त्यांनी प्रयोगशाळेच्या शिपाई मामांना विचारलं.

मामा पवन मावळातले, कुणाला नाही म्हणणं त्यांच्या स्वभावात नाही. "व्हय मॅडम," ते म्हणाले. "लय जागृत हायेत."

सर कोपऱ्यात तोंडावर रुमाल धरून उभे होते. खोकला आलाय असं दाखवत होते.

माझी चूक दुसऱ्या वर्षाच्या पावसाळ्यातली. आमच्याकडे चार-चार दिवस कपडे वाळत नाहीत, तिथे भिंगांचं काय होणार? बुरशी धरते. सरांना बरं वाटावं म्हणून मी एका दुपारी एकटीच बसून सगळे सूक्ष्मदर्शक तपासले आणि जिथे ठिपका दिसला तिथे धागा बांधला. अकरा झाले. वहीत अकरा नोंदी, सगळ्यांपुढे माझं नाव. मला फार अभिमान वाटला. दुसऱ्या दिवशी प्रात्यक्षिकाला वीस मुलं आणि वापरायला एकच सूक्ष्मदर्शक. कारण धागा बांधलेल्या वस्तूला हात लावायचा नाही, हा नियमच होता.

"पोरी, तू तर समदा गावच बंद क्येलास," मामा म्हणाले.

सर रागावले नाहीत, पण रागावले असते तर बरं असं मला झालं. त्यांनी एकेक भिंग उजेडाकडे धरून पाहिलं. "यातली चार बिघडलेली. सातांना फक्त पुसायला हवं होतं," ते म्हणाले, आणि मग मध्येच, "तुमच्या घरी कोण काय काम करतं?"

वडिलांचं काम फाटकामुळे सगळ्यांना ठाऊक झालंच होतं. आईचं काम मी कॉलेजात कुणालाच सांगितलेलं नव्हतं. सांगताना मी खाली बघत होते. सर मात्र ताठ झाले. "निवडतात? हातानं? मला बघायचंय."

मला वाटलं विसरतील. शनिवारी दुपारी ते खरोखर कारखान्यात आले. स्वेटर, छत्री, हातात वही. तापल्या गुळाच्या वासात सात-आठ बायका चटईवर दाण्यांचे ढीग पुढे घेऊन बसल्या होत्या. एक म्हणाली, "मास्तर, निवडाया आलाव का बघाया?"

"शिकायला," सर म्हणाले आणि मांडी घालून बसले.

आईनं पदर सारखा केला. "इचारा काय ते. हात थांबवता येनार न्हाई पर."

"खवट दाणा ओळखता कसा?"

"डोळ्याला लवकर दिसत न्हाई. हाताला कळतो. हलका असतो, जरा सुरकुतलेला. बोट आपसूक थांबतं तितं."

"आणि सुटला नजरेतून तर?"

"एक दाना ग्येला तर समदी थाळी कडू. गिऱ्हाईक परत येत न्हाई."

सर लिहून घेत होते. आई थोडी थांबली आणि मग आपणहून म्हणाली, "पर सर, लय निवडनं बी वाईट. नवी बाई आली का भ्येतीनं चांगलं बी फेकती. सांजच्याला बगावं तर टोपलीत कायच न्हाई. मग चिक्की कशाची करायची, नुसत्या गुळाची?"

सगळ्या हसल्या. सरांनी पेन बंद केलं. "मावशी," ते म्हणाले, "हे मला पंचवीस वर्षं इतकं सोपं करून सांगता आलं नाही."

सोमवारी त्यांनी वर्गात शिकवलं की बिघडलेल्या तंतुकणिका काढणं मंदावलं तरी हृदय थकतं, आणि काढणं प्रमाणाबाहेर गेलं तरी थकतं, कारण कामाला मग उरतंच कोण? फळ्याच्या तळाशी पुस्तकाचं नाव लिहितात तसं त्यांनी लिहिलं: "संदर्भ: तिसऱ्या बाकावरील विद्यार्थिनीची आई, चिक्की विभाग." मी तिसऱ्या बाकावर बसले होते. मान वर करायला मला बराच वेळ लागला. पण त्यानंतर आई काय करते असं कुणी विचारलं तर मी खाली बघितलेलं नाही.

आता जे सांगायचं आहे ते मला जरा अवघड जातंय.

तिसऱ्या वर्षी माझ्या लक्षात आलं की सर जिन्याच्या मधल्या वळणावर थांबून नोटीस वाचतात. तिथे एक फलक होता. रोज सकाळी सर तिथे उभे, एक हात कठड्यावर, नजर नोटिशीवर. आपण गेलो तर हातानंच "पुढे व्हा" करायचे. पंधरा दिवस मी हे पाहिलं. मग एकदा ते वर गेल्यावर मी नोटीस वाचली. वसतिगृहाच्या प्रवेशाची होती. मागच्या वर्षीची.

मग बाकीचंही दिसायला लागलं. सर प्रयोगशाळेच्या दारात सँडल काढून आत रबरी चप्पल घालत. सँडलचा पट्टा आधी तिसऱ्या भोकात असे; मग दुसऱ्यात, मग पहिल्यात. दुपारी परत घालताना पाय आत जात नसे. पायावर चपलेच्या पट्ट्याचा वळ खोल उठलेला असे आणि बराच वेळ तसाच राही. मी धीर करून विचारलं, "सर, श्वास कसा आहे?"

"उत्तम," ते म्हणाले. तपासून पाहिलं नाही.

मामांना विचारलं, तर म्हणाले, "गुडघं धरल्यात म्हनत्यात. मी म्हनलं दवाखान्यात जावा, तर मलाच म्हनले, मामा, हृदयातलं तुमाला जास्त कळतं का मला?"

हे खरंच होतं. त्यांच्याइतकं कळणारं आमच्या कॉलेजात दुसरं कोण होतं? आणि मी आधी अकरा धागे बांधलेली मुलगी. त्यातले सात चुकलेले. हे चुकलं तर सर परत कधी माझ्याशी बोलतील असं मला वाटत नव्हतं. आणि बरोबर असलं तर... त्याचा तर विचारही करवत नव्हता. तीन दिवस मी लोकर हातात घेत होते आणि परत खिळ्याला टांगत होते.

शेवटी आईला सांगितलं. ती भाकरी थापत होती.

"मग इचारतीस काय?" ती म्हणाली. "बोट थांबलंय न्हवं तुजं?"

"चुकलं असलं तर?"

"तर सर हसतील. न्हाई चुकलं तर?"

दुसऱ्या दिवशी सगळे आत प्रात्यक्षिकात असताना मी दारात बसले आणि सरांच्या डाव्या सँडलच्या पट्ट्याला लाल धागा बांधला. माझी गाठ आई पोत्याच्या तोंडाला मारते तशी, एक टोक ओढलं की सुटणारी. मग वही उघडली. "वस्तू" या रकान्यात काय लिहावं कळेना. शेवटी लिहिलं, "सर." पुढे: "बिघाड: जिन्यात थांबावं लागतं. पाय सुजतात. मधल्या वळणावरची नोटीस मागच्या वर्षीची आहे." आणि माझं नाव.

साडेतीनला सर बाहेर आले. सँडलकडे बघत उभे राहिले. मग वही उघडली, वाचली, मिटली. धाग्यासकट सँडल पायात सरकवली, पट्टा न लावता, आणि निघून गेले. जिन्यात ते थांबले नसावेत, कारण उतरताना थांबावं लागत नसे.

पुढचे चार दिवस ते माझ्याशी एक शब्द बोलले नाहीत. वर्गात तिसरा बाक सोडून सगळीकडे बघत. धागा मात्र सँडलवर होता. त्यांनी तो तोडला नव्हता. बांधणाऱ्यानंच सोडायचा, हा नियम त्यांचाच होता. मी रोज आधी तो आहे का बघायची, मग आत जायची. पाचव्या दिवशी दाराला कुलूप. मामा पायरीवर बसले होते.

"सर ॲडमिट हायेत, पुन्याला," ते म्हणाले. "काल ताईंना घिऊन आपल्या पायानं ग्येलते. डाक्टर म्हनले, हृदय लय थकलंय. अजून उशीर क्येला असता तर आवघड हुतं." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "रडतीस कशाला? तूच धाडलंस न्हवं?"

दीड महिन्यानं सर आले. बारीक झाले होते, स्वेटर खांद्यावरून घसरत होता. आता त्यांचे वर्ग तळमजल्यावर होते, पण त्या दिवशी हट्टानं ते जिना चढून आले, दोनदा थांबून. माझ्या नोंदीखाली त्यांनी लिहिलं: "तपासले. बिघाड खरा. दुरुस्ती अपुरी. जपून वापरणे." मग पाऊल पुढे केलं. सँडलवरचा धागा चिखलानं तपकिरी झाला होता.

"सोडायचा का?" त्यांनी विचारलं.

मला तो सोडायचा होता. खूप. पण जिन्यात ते किती वेळा थांबले ते मी मोजलं होतं.

"नाही सर. अजून नाही."

"शाबास," ते म्हणाले. बसले, दम घेतला. "अहो, मला ज्या गोळ्या दिल्यात त्या हृदयावरचं ओझं कमी करतात. त्याच्या आतला कचरा निवडून देईल अशी खात्रीची गोळी अजून कुणाकडे नाही. शोध चालू आहे. कुणीतरी करायला पाहिजे." कुणी, ते म्हणाले नाहीत. त्याच वर्षी त्यांनी मुदतीआधी निवृत्ती घेतली. जाताना लोकरीचा गुंडा खिळ्यालाच ठेवला.

मी आता पुण्यात एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या प्रयोगशाळेत सगळं नवं आहे, बिघडलं की कंपनीचा माणूस येतो. पेशी रंगवून पडद्यावर बघितल्या की तंतुकणिका हिरव्या दिसतात आणि खूण झालेल्या लाल. पहिल्यांदा बघितलं तेव्हा शेजारच्या मैत्रिणीला मी म्हणाले, "चिक्की विभाग." तिला काही कळलं नाही.

गेल्या महिन्यात सुट्टीला आले तेव्हा तळेगावला उतरून सरांकडे गेले. जुन्या गावात त्यांच्या बहिणीचं घर आहे, दारात सहा पायऱ्या. पायऱ्यांच्या वर सँडल होत्या.

"या, या. श्वास कसा आहे?" सर आतून म्हणाले.

मी घेऊन पाहिला. "बरा आहे सर. तुमचा?"

त्यांनीही डोळे मिटून एक घेतला. "मध्यम," ते म्हणाले. "पण पायऱ्या आता न थांबता चढतो."

"सहा?"

"सहा."

"अरे, पोरीला खोटं काय सांगतोस?" ताई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "चार!"

चहा झाला. मी काय करते ते त्यांनी बारकाईनं विचारलं, दोन ठिकाणी चूक काढली. वाढलेलं पाणी मोजून प्यायले. दिवसाला किती प्यायचं ते डॉक्टरांनी बांधून दिलंय म्हणे. निघताना मी दारात वाकून चप्पल घालू लागले आणि सँडलवरचा धागा जवळून दिसला.

तो तपकिरी नव्हता. लालभडक होता, नवाकोरा. गाठ दुहेरी, टोकं कात्रीनं बारीक कापलेली. माझा धागा कधीच कुजून गळून गेला असणार. हा सरांनी स्वतः बांधला होता.

मी चप्पल घालून उभी राहिले. सर मला फाटकापर्यंत सोडायला निघाले. नको म्हटलं तरी ऐकेनात. सहा पायऱ्या उतरून, अंगण ओलांडून, रस्त्याकडे जाणारा छोटा चढ लागला. अर्ध्या चढावर ते थांबले. तिथे कुठलाच फलक नव्हता, आणि त्यांनी तो शोधलाही नाही.

"दम लागला," सर म्हणाले. "थांबा जरा."

मी थांबले.